सोफ्याखालची अकरा पानं

चौतीस वर्षं मी या शहराला पाणी दिलं. पाणीपुरवठा खात्यात फिटर म्हणून लागलो आणि मुख्य फिटर म्हणून निवृत्त झालो. रस्त्याखालून कुठली लाइन कुठे वळते, कुठल्या चौकात पंचवीस वर्षांपूर्वी घाईघाईत जोड मारलाय आणि तो अजून कसा टिकलाय, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. निवृत्त झालो तरी लोक घरी बोलावतात. मी नुसत्या आवाजावरून सांगतो की नळाचा वॉशर गेलाय की आख्खा नळच बदलायला हवा. ही बढाई आहे असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. आपल्या कामाचा अभिमान सांगायला मी कधी लाजलो नाही.

हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढे मी जे केलं ते एखाद्या अडाण्याने केलं असं कुणी समजू नये. ते पाण्यातल्या जाणत्या माणसाने केलं. अडाण्याला ते जमलंच नसतं.

आमच्या बैठकीच्या खिडकीत, पडद्याच्या दांडीशेजारच्या हुकाला बायकोचं एक झाड टांगलेलं होतं. शेंगदाण्याएवढी गुबगुबीत पानं, देठाभोवती इतक्या दाटीने बसलेली की देठ दिसायचाच नाही. अशा पानांचे लांबच लांब पदर कुंडीच्या काठावरून लोंबत थेट सोफ्याच्या पाठीपर्यंत आलेले. रंग फिका हिरवा, वर पीठ भुरभुरल्यासारखी झाक. नर्सरीत त्याला गाढवाचं शेपूट म्हणतात. आमच्या घरात मात्र तो शब्द काढायची बंदी होती, कारण झाड माझ्या सासूबाईंचं. बायको त्याला वेणी म्हणायची.

सासूबाईंनी दोन्ही मुलींना लग्नानंतर आपल्या झाडाचा एकेक पदर दिला होता. धाकटीचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, पहिल्याच वर्षी गेला. पुढे सासूबाई गेल्या, त्या गडबडीत त्यांच्या खिडकीतल्या मूळ झाडाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही आणि तेही वाळलं. उरली ती आमची वेणी. "आईचं हे एवढंच राहिलंय," असं बायको महिन्यातून एकदा तरी म्हणायची. तिच्याशिवाय कुणी वेणीला हात लावायचा नाही. लागलाच तर टपकन चार पानं गळायची, आणि ते बायकोला शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.

माझ्याबद्दल तिचं मत पक्कं होतं: यांचा हात जड आहे. पाहुणे झाडाचं कौतुक करायला लागले की मी तोंड उघडायच्या आत ती म्हणायची, यांना काही विचारू नका, यांचं लक्ष फक्त नळाकडे. पाहुणे हसायचे. मीही हसायचो, पण मला ते लागायचं. सगळ्या शहरात मला मान, आणि स्वतःच्या बैठकीत एका कुंडीसमोर माझी किंमत शून्य.

मुलीला बाळ झालं आणि बायको तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. नंतर मुलगी आणि बाळ तिच्याबरोबर इकडे महिनाभर राहायला येणार, आणि परत जाताना मुलगी वेणीचा सगळ्यांत लांब पदर आपल्या नव्या घरात घेऊन जाणार, असं मायलेकींचं ठरलेलं. निघताना बायकोने दारात उभं राहून मला सूचना दिल्या. गॅसच्या, दुधाच्या, कपड्यांच्या, आणि शेवटी वेणीच्या.

"पाणी वीस दिवसांनी एकदा. तेही पानाला सुरकुती दिसली तरच. एरवी तिच्या वाटेला जाऊ नका."

"तू मला पाण्याचं शिकवतेस?"

"हो," ती म्हणाली आणि टॅक्सीत जाऊन बसली.

तो 'हो' माझ्या डोक्यातून जाईना. वीस दिवसांनी एकदा, म्हणजे एक दिवस पूर आणि एकोणीस दिवस ठणठणाट. आमच्या खात्याने असा पुरवठा केला असता तर लोकांनी मोर्चा आणला असता. पुरवठा थोडा असावा, पण अखंड असावा. चौथ्या दिवशी मी हत्यारांची पेटी उघडली. स्वयंपाकघरातल्या नळाच्या मागून बारीक तांब्याची नळी काढली, भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून वळवून बैठकीत आणली, खिडकीपाशी धार कमी-जास्त करायला छोटा पितळी कॉक बसवला आणि नळीचं तोंड कुंडीतल्या मातीवर टेकवलं. मिनिटाला दोन थेंब. घड्याळ समोर ठेवून मोजले. दोन दिवस लागले, पण एकाही जोडाला ओल नाही. माझ्या हातच्या सुबक कामांपैकी ते एक होतं, हे मी आजही म्हणेन.

नळी बसवताना मात्र माझं कोपर वेणीला लागलं आणि दहा-बारा पानं टपाटप खाली पडली. नेमकी तेव्हाच बेल वाजली. मेहुणीची बेल मी ओळखतो, ती बटणावरून बोट काढत नाही. मी पायाने सगळी पानं सोफ्याखाली लोटली आणि दार उघडलं.

मेहुणी परिचारिका आहे. दोन गल्ल्या सोडून राहते आणि ड्यूटीवरून घरी जाताना आमच्याकडे डोकावते. तिला तिच्या ताईने लक्ष ठेवायला सांगितलं होतं, वेणीवर नव्हे, माझ्यावर. आल्याआल्या तिला नळी दिसली. थेंब पडताना तिने पाहिला, मग दुसरा पडेपर्यंत थांबली.

"भावोजी, आमच्या वॉर्डात सलाइन लावतात ते आजारी माणसाला. हिला काय झालंय?"

मी तिला अखंड पुरवठ्याचं तत्त्व समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग हात पाठीमागे बांधून वेणीजवळ गेली आणि म्हणाली की तिचा पदर गेला तोही लाडानेच गेला होता. मी मनात म्हटलं, ही तांब्यापेल्याने पाणी घालणारी, हिला कॉकची अक्कल कुठून असणार.

बायको रोज संध्याकाळी फोन करायची. आधी बाळाचं सांगायची आणि मग विचारायची, वेणी कशी आहे. मी म्हणायचो, मजेत.

तीन आठवड्यांनी वरची पानं काचेसारखी दिसायला लागली. पिवळट, आरपार दिसणारी. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी कॉक अर्धा आटा उघडला आणि मिनिटाला चार थेंब केले. हे आता सांगताना माझी कानशिलं तापतात, पण केलं ते केलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी चहा घेऊन सोफ्यावर बसलो आणि एक आख्खा पदर माझ्या खांद्यावरून मांडीवर पडला. उठून कुंडी खाली काढली, तर उरलेले पदरही एकामागून एक सुटले. मातीलगतचे देठ काळे पडून भिजल्या कागदासारखे झाले होते. मातीला वास येत होता. तो वास मी ओळखतो. चौतीस वर्षं तुंबलेल्या चेंबरमध्ये उतरताना तो नाकात गेलाय. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग रागच आला, स्वतःचा, नळीचा, त्या झाडाच्या नाजूकपणाचा. त्या तिरमिरीत मी सगळं पिशवीत कोंबलं आणि खाली जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यातले शेंडे चांगले असणार, ते वाचवता आले असते, हे मला मेहुणीने नंतर फार निवडक शब्दांत सांगितलं.

वर येताना जिन्यात बसलो. मला लाज वाटली. झाड मेल्याची नव्हे. जगातली दहा हजार झाडं रोज मरतात. सासूबाईंचं जे एवढंच राहिलं होतं ते मी मारलं होतं, आणि तेही बायकोला दाखवून देण्यासाठी. संध्याकाळी फोन आला. वेणी कशी आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, आहे.

दुसऱ्या दिवशी मी बसने शहराबाहेरच्या मोठ्या नर्सरीत गेलो. मागच्या बाजूला टांगलेल्या कुंड्यांची रांग होती आणि तिथे अगदी हुबेहूब वेणी लोंबत होती. तीच पानं, तीच पिठूळ झाक, लांबीसुद्धा आमच्यापेक्षा वीतभर जास्त. मी कुंडी उतरवली आणि नर्सरीवालीसमोर नेऊन ठेवली. तिच्या गुडघ्यापर्यंत रबरी बूट होते आणि जीभ तिखट होती. घरचं मेलं का, तिने विचारलं. मी मान हलवली.

"मग लावून टाका जुन्याच्या जागी. कुणाला कळणारसुद्धा नाही."

ती दहा गिऱ्हाइकांना म्हणत असेल तसंच मलाही म्हणाली. पण ते वाक्य मी चौतीस वर्षं ऐकत आलो होतो. ठेकेदार ऐकवायचे, दुकानदार ऐकवायचे. अस्सल वॉशरच्या जागी नकली बसवा साहेब, कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि खरंच कळलं नसतं, दोन वर्षं तरी नाही. एका ठेकेदाराशी मी त्यावरून जन्माचं वाकडं घेतलं, माझी बढती त्यापायी चार वर्षं अडली, पण कुणाच्याही नळात मी खोटा वॉशर बसवला नाही. आता स्वतःच्या बायकोच्या खिडकीत बसवायला निघालो होतो.

मी कुंडी उचलून पुन्हा तिच्या हुकाला टांगली. नर्सरीवालीने मला तोंडावर वेडा म्हटलं. रिकामी पिशवी मांडीवर घेऊन मी बसने घरी आलो.

आल्यावर ती नळी माझ्याने बघवेना. काढायची म्हणून मी सोफा पुढे ओढला, आणि खाली धुळीत ती पानं दिसली. त्या दिवशी पायाने लोटलेली. मोजली, अकरा होती. महिना होत आला होता. त्यांना माती नव्हती, पाण्याचा एक थेंब नव्हता, उजेड होता तो सोफ्याच्या फटीतून येईल तेवढा. पानं जरा सुकली होती. पण प्रत्येक पान जिथून तुटलं होतं तिथे केसाएवढी बारीक गुलाबी मुळं फुटली होती, आणि सात पानांना तर मुळांपाशी तिळाएवढा हिरवा कोंब होता.

मी तिथेच फरशीवर बसलो. घरभर नळी फिरवली, आणि जिथे माझा पुरवठा पोचला नाही तेवढ्याच जागेत काहीतरी जगलं होतं. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही बघायला कुणी नव्हतं हे बरं झालं.

मेहुणीला फोन केला. ती गणवेशातच आली. आधी तिने रिकामा हुक पाहिला आणि तशीच उभी राहिली. सासूबाई गेल्यानंतर तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग तिने मला झाडलं, अगदी पद्धतशीर, वरपासून खालपर्यंत. शेवटी तिने विचारलं, ताईला काय सांगणार. मी म्हटलं, खरं काय ते. आज का नाही, तर फोनवर सांगायची माझी हिंमत नाही. समोर उभं राहून सांगेन.

मग आम्ही कामाला लागलो. माझ्या पेटीत वॉशर ठेवायचा कप्प्यांचा ट्रे आहे. त्याला खालून भोकं पाडली, कप्प्यांत जाडी वाळू आणि थोडी माती घातली, आणि एकेका कप्प्यात एकेक पान नुसतं वर ठेवलं. पुरायचं नाही, दाबायचं नाही. ट्रे खिडकीत ठेवल्यावर मेहुणीने वहीचा कागद फाडून त्यावर लिहिलं: निरीक्षण चालू, उपचार बंद. तो कागद तिने खिडकीला चिकटवला आणि मला डोळ्यांत औषध घालायचा एक ड्रॉपर दिला. पानाला सुरकुती आली तर मुळाशी चार थेंब, नाहीतर काही नाही.

काही न करण्याइतकं कष्टाचं काम मी आयुष्यात केलं नाही. सकाळी उठून ट्रेसमोर उभा राहायचो आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचो. हात फारच शिवशिवायला लागले की नळ आवळायचा पाना घेऊन शेजाऱ्यांकडे जायचो. त्या दोन महिन्यांत आमच्या इमारतीत एकही नळ गळत नव्हता. लोक म्हणाले, काकांना काकूंशिवाय करमत नाही. म्हणू दे म्हटलं.

एकदाच मी चुकलो. कोपऱ्यातलं एक पान मला दमल्यासारखं वाटलं, आणि मेहुणी नाही असं बघून मी त्याला जास्तीचे थेंब दिले. चार दिवसांत ते काचेसारखं झालं आणि गेलं. मेहुणीने विचारलं तर मी खोटं बोललो नाही. तिने कागदावर तारीख टाकून लिहिलं: एक रुग्ण दगावला, कारण नातेवाईक.

उरलेल्या दहांचं मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं. तिळाचा तांदूळ झाला, तांदळाला पानं सुटली, आणि ती पानं मोठी होत गेली तसं जुनं पान सुरकुतत, आक्रसत, आपल्यातलं सगळं त्या पिल्लाला देऊन टाकत गेलं. बाहेरून पाणी लागतं ते त्यानंतर. एवढी साधी गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. शिकवली होती म्हणा, दारात उभं राहून, मीच ऐकली नव्हती. फोनवर आता बायकोने विचारलं की मी म्हणायचो, मी बघतोय. ती म्हणायची, बघाच फक्त. मी म्हणायचो, तेच करतोय.

मायलेकी आल्या तेव्हा मी हुक काढून ठेवला नव्हता. बायको आत शिरली, मागे मुलगी बाळाला घेऊन. बायकोची नजर सरळ खिडकीकडे गेली. तिने हातातली बॅग खाली ठेवायच्या आत मी बोललो.

"मी मारली. पाणी घालून मारली."

तिने बॅग ठेवली. खिडकीपाशी गेली, हात वर करून हुकाला बोट लावलं, आणि सोफ्यावर बसली. ती रडत होती, पण आवाज नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी ट्रे आणून तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं: नळी, दोनाचे चार थेंब, कचऱ्याचा डबा, नर्सरी, सोफा, आणि माझ्यामुळे गेलेलं अकरावं पानही. अंगठ्याच्या नखाएवढी दहा रोपं होती. ज्या पदराची मुलगी वाट पाहत होती त्याच्या जागी हे एवढंच.

मुलगी वाकून बघत होती. तिला मला दुखवायचं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"बाबा, ही आजीचीच ना? म्हणजे... नर्सरीतली नाहीत ना?"

मी तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली. तिची नजर ट्रेवरच होती.

"त्यांनी कुणाच्या नळात कधी खोटा वॉशर बसवलाय का? आईचीच आहेत ती."

निवृत्तीच्या दिवशी खात्याने मला प्रशस्तिपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. साहेब माझ्याबद्दल दहा मिनिटं बोलले होते. ते सगळं एका पारड्यात टाका आणि तिचं हे एक वाक्य दुसऱ्यात. मी वळून खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण चेहरा कुठे ठेवावा ते कळेना.

माफी लगेच मिळाली असं नाही. दोन दिवस ती कामापुरतं बोलली आणि भिंतीतली नळीची भोकं बुजवून रंग लावेपर्यंत माझी सुटका झाली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दहातलं सगळ्यांत जोमदार रोप वेगळ्या कुंडीत लावलं आणि म्हणाली, हे धाकटीकडे तुम्हीच घेऊन जा. मेहुणीचा पदर गेल्यापासून इतक्या वर्षांत तिने दुसरा मागितला नव्हता, आणि कुणी दिलाही नव्हता. मी कुंडी तिच्या हातात ठेवली तर ती मला नेहमीसारखं टोचून काही बोलली नाही. महिन्याने मुलगीही आपलं रोप घेऊन गेली, बाळाच्या टोप्यांच्या डब्यात जपून ठेवून.

परवा संध्याकाळी मुलीचा फोन आला. बाळाचं झालं, दाताचं झालं. मग आवाज जरा काळजीचा झाला. रोपाची खालची पानं मऊ लागतात, पाणी घालू का, असं ती विचारत होती. आठ रोपं आमच्या खिडकीत आहेत, बायको फोन कानाला लावून त्यांच्यासमोरच उभी होती. तिने एकदा रोपांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"थांब," ती मुलीला म्हणाली, "पाण्याचं तुझ्या बाबांना विचार. त्यांना जास्त कळतं."

आणि फोन माझ्या हातात दिला. मी शर्ट नीट केला, खुर्चीत सरळ बसलो आणि मुलीला सांगितलं की पाणी घालू नकोस, हात खिशात घाल आणि चार दिवसांनी मला पुन्हा फोन कर.